संस्थेचा रुपया गांवांत किती दिवस फिरतो?

(चांदूर रेल्वे येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हीं जो विषय बोलावयास घेतला आहे तो ऐकावयास रुक्ष वाटेल. पण त्याचा संबंध थेट तुमच्या कनवटीशीं आहे. शाळा, वसतिगृहें, दवाखाने, गोरक्षणें, देवस्थानें, धर्मशाळा, सेवा मंडळें, पाणलोटाचें काम करणाऱ्या मंडळ्या अशा कितीतरी संस्था आपल्या वऱ्हाडांत आहेत. त्यांचें पावतीपुस्तक आपल्या दारीं येतें. आपण कधीं भक्तीनें देतों, कधीं भिडेनें देतों, आणि कधीं दार लोटून घेतों. परंतु ही संस्था गांवांत आली म्हणजे सुताराला, शिंप्याला, तेल्याला, निंदणाला जाणाऱ्या बाईला काय मिळतें आणि त्यांचें काय जातें, हा हिशेब आपण कधीं मांडीत नाहीं. सावकाराचें व्याज मोजावयास आपण शिकलों, अडत्याच्या कांट्यावर नजर ठेवावयास शिकलों. आतां संस्थेचा जमाखर्च वाचावयास शिकण्याची वेळ आली आहे. आज तेवढेंच सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. बिनफायद्याची संस्था म्हणजे पैसा न मिळविणारी संस्था नव्हे. ती फी घेते, देणगी घेते, सरकारी अनुदान घेते, प्रसंगीं शेती करते आणि कारखानाहि चालविते. फरक इतकाच कीं वर्षअखेर जें शिल्लक राहील तें कोणा मालकानें घरीं न्यावयाचें नाहीं. तें पुन्हां संस्थेच्या कामांतच गेलें पाहिजे. १८६० सालच्या संस्था नोंदणीच्या कायद्याखालीं आणि १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं अशा संस्था आपल्या राज्यांत नोंदल्या जातात, आणि त्यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ह्या संस्थेला मालक नाहीं. पण ज्या शेताला मालक नाहीं त्या शेतांत काय होतें हें शेतकऱ्याला सांगावयास नको. राखण केली तर तें गायरान सर्वांच्या गुरांना पुरतें. राखण सोडली तर जो दांडगा तो कुंपण घालतो.

आतां रुपयाकडे वळूं. आपलें गांव आगगाडीच्या रस्त्यावर आहे. चांदूर बाजार वेगळें आणि हें चांदूर वेगळें म्हणून तर ह्याच्या नांवालाच रेल्वे चिकटली. ह्या रस्त्यानें पिढ्यान् पिढ्या आपला कापूस बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला. कापसाचा पैसा गांवांत आला खरा. पण बियाणें, खत, औषध, कापड आणि व्याज ह्यांच्या वाटेनें तो पुढच्याच गाडीनें निघून गेला. पैसा किती आला ह्यापेक्षां तो किती दिवस राहिला, ह्यावर गांवची बरकत ठरते.

एक तोंडी हिशेब करूं. समजा, एखाद्या संस्थेनें चांदुरांत १०० रुपये खर्च केले. ज्याला ते मिळाले त्यानें त्यांतले ६० येथेंच खर्चिले: गवंड्यानें शिंप्याला दिले, शिंप्यानें भाजीवालीला, भाजीवालीनें कुंभाराला. प्रत्येकानें शंभरांतले साठ गांवांतच ठेवले, तर पहिल्या १०० वर ६०, मग ३६, मग २१ रुपये ६० पैसे असे वाढत वाढत एकूण २५० रुपयांची उलाढाल होते. आणि प्रत्येकानें शंभरांतले वीसच येथें ठेवून ऐंशी अमरावतीस, नागपुरास, मुंबईस धाडले तर? १००, मग २०, मग ४, आणि एकूण १२५ वर खेळ संपतो. देणगी तीच, संस्था तीच. पण एका ठिकाणीं ती अडीचपट झाली आणि दुसऱ्या ठिकाणीं सव्वापट. हे आंकडे आम्हीं समजुतीसाठीं घेतले आहेत, पण त्यांतली रीत पक्की आहे. शेतांत पडलेलें पाणी बांधानें अडविलें तर मुरतें, नाहींतर नाल्यानें वाहून जातें. संस्थेच्या पैशाचेंहि तसेंच आहे.

आतां ह्याच आगगाडीच्या रस्त्यानें आपण शेगांवपासून वर्ध्यापर्यंत जाऊं आणि ह्या मापानें कांहीं संस्था पाहूं.

शेगांवीं गजानन महाराजांच्या हयातींतच, १९०८ सालीं, संस्थानाची स्थापना झाली. १९१० सालीं महाराजांनीं समाधि घेतली. आज त्या संस्थानाची शिस्त, स्वच्छता आणि चोख हिशेब ह्यांचें नांव सर्व महाराष्ट्रांत घेतलें जातें. शिवशंकरभाऊ पाटील, जे २०२१ सालीं निवर्तले, त्यांनीं ती शिस्त बसविली. हजारों सेवेकरी आपापल्या गांवांहून पाळीनें येऊन बिनपगारी सेवा करतात. त्यामुळें जो पैसा वाचतो तो दवाखाने, शिक्षण, अन्नदान ह्यांकडे वळतो. १९८३ सालीं तेथें अभियांत्रिकी महाविद्यालयहि निघालें. संस्थानाच्या दाराबाहेर पाहाल तर यात्रेकरूंच्या पायांनीं एक सबंध बाजार उभा राहिला आहे. रिक्षावाला, फुलवाली, कचोरीवाला, खोल्या भाड्यानें देणारा, ह्या सर्वांची चूल त्या यात्रेवर पेटते.

पण त्या बाजाराची दुसरी बाजूहि आम्हांला दिसते. २०२० सालच्या मार्चांत रोगाच्या साथीमुळें मंदिरांचीं दारें लागलीं तीं नोव्हेंबरांत दिवाळीच्या पाडव्याला उघडलीं. पुढच्या सालीं पुन्हां लागलीं. संस्थानाजवळ गंगाजळी असते, फुलवालीजवळ नसते. ज्या गांवचा बाजार एकाच खांबावर उभा असतो त्या गांवानें दुसरा खांब अगोदरच रोवून ठेवावा, हा धडा प्रत्येक यात्रेच्या गांवानें घेण्यासारखा आहे.

पुढें मूर्तिजापूर लागतें. तेथें गाडगे महाराजांचें गोरक्षण आणि धर्मशाळा आहे. महाराज १८७६ सालीं ह्याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं जन्मले आणि १९५६ सालीं अमरावतीजवळच त्यांचा देह पडला. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या पुरुषानें पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांतली एक खोलीहि आपल्या मुलाबाळांच्या नांवें केली नाहीं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ सालीं त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

ह्या धर्मशाळांनीं गरिबाच्या घरच्या हिशेबांत काय केलें तें पाहा. त्यांनीं कोणाला पगार दिला नाहीं. त्यांनीं रुपया वाचविला. मुंबईस दादरला महाराजांच्या नांवाची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना अल्प दरांत निवारा देते. आपल्या तालुक्यांतला शेतकरी आईला घेऊन मुंबईस गेला, आणि त्याला महिनाभर भाड्याची खोली घ्यावी लागली, तर येथें त्याच्या गोठ्यांतली बैलजोडी विकली जाते. जोडी गेली कीं पुढच्या मृगाला वखर दुसऱ्याचा, म्हणजे भाडें आलें. भाड्यासाठीं कर्ज आलें. कर्जापायीं शेत गेलें. दादरच्या एका खाटेनें येथलीं चार एकर वाचतात. संस्थेचा लाभ मोजतांना तिनें दिलेला रुपया तर मोजावाच, पण तिनें जाऊं न दिलेला रुपयाहि मोजावा.

मूर्तिजापूर सोडलें कीं बडनेरा, आणि तेथून अमरावती. येथें आपल्या शेजारच्या नांदगांव खंडेश्वर तालुक्यांतील पापळ गांवच्या पंजाबराव देशमुखांचें स्मरण केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. १८९८ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा मुलगा विलायतेहून विद्वान् होऊन परत आला आणि त्यानें पहिलें काम कोणतें केलें? वसतिगृह काढलें. अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहिलीं. पुढें १९३१-३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली, आणि तिच्या शाळा-महाविद्यालयें वऱ्हाडभर पसरलीं. पंजाबराव १९५२ पासून १९६२ पर्यंत देशाचे शेतकीमंत्री होते; त्यांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं अकोल्यास झालें.

वसतिगृह आधीं कां? कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून जातीजातींचीं वसतिगृहें कां काढविलीं? कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून साताऱ्यास वसतिगृह कां चालविलें? ह्याचें उत्तर पैशांतच आहे. खेड्यांतल्या मुलाला शाळेची फी माफ झाली तरी शहरांत दोन वेळची भाकर आणि निजावयास जागा कोण देणार? फी हा शिक्षणाचा लहान खर्च. राहणें-जेवणें हा मोठा. तो मोठा खर्च वसतिगृहानें उचलला, म्हणून नांगरामागच्या पोराच्या हातीं पुस्तक आलें. आणि तें वसतिगृह चाललें कशावर? भाऊरावांच्या संस्थेसाठीं घरोघरच्या बायकांनीं दळणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढून ठेवलें, आणि मूठ मूठ जमवून मुलें जेवलीं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं तर अंगावरचे दागिने मोडले. तेव्हां कोणी असें समजूं नये कीं ह्या संस्था केवळ थोरामोठ्यांच्या थैल्यांतून निघाल्या. त्यांचें भांडवल आपल्याच जात्याजवळचें आहे; म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागण्याचा अधिकारहि आपलाच आहे.

अमरावतीसच डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचें तपोवन आहे. १९४६ सालीं त्यांनीं महारोग्यांसाठीं ती वसाहत वसविली. ज्यांना गांवानें वेशीबाहेर काढलें, त्यांच्या हातीं तेथें शेती, सुतारकाम, विणकाम आलें. भीक मागणारा हात कमावता झाला, म्हणजे गांवावरचा भार उतरला आणि बाजारांत एक गिऱ्हाईक वाढलें. दया आणि अर्थशास्त्र ह्यांचें वैर आहे असें मानणाऱ्यांनीं तपोवन पाहावें.

आपलें चांदूर आणि धामणगांव मागें टाकून वर्धा नदी ओलांडली कीं पुलगांव आणि मग वर्धा. तेथें १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं मगनवाडींत त्याचें काम चालविलें. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गुऱ्हाळ असे धंदे त्यांनीं सुधारले. घाणीचाच हिशेब घ्या. तीळ, जवस, भुईमूग आपण बाहेरच्या गिरणीला विकला, तर तेलहि बाहेर जातें आणि ढेपहि. मग तेल विकत घ्यावें लागतें, आणि गाईसाठीं ढेपहि विकत घ्यावी लागते. तेंच धान्य गांवच्या तेल्याच्या घाणींत पडलें, तर तेल गांवांत, ढेप गांवांत, आणि तेल्याची मजुरीहि गांवांत. एका घाणीनें तीन भोकें बुजविलीं. गिरणीचें तेल दोन पैसे स्वस्त असतें हें खरें. पण त्या दोन पैशांसाठीं आपण तेली, ढेप आणि दूध घालवितों, हें बाजाराच्या पाटीवर लिहिलेलें नसतें.

वर्ध्याजवळच सेवाग्रामचें रुग्णालय आहे. १९६९ सालीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय झालें. तेथील डॉ. उल्हास जाजू ह्यांनीं आसपासच्या खेड्यांत एक योजना चालविली ती आम्हांला फार मोलाची वाटते. गांवच्या बहुसंख्य घरांनीं सुगीच्या वेळीं ज्वारी द्यावयाची. शेतवाल्यानें ऐपतीप्रमाणें जास्त, मजुरानें कमी. त्या ज्वारीचा निधि व्हावयाचा आणि त्याच्या बळावर वर्षभर औषधोपचाराची सोय व्हावयाची. ह्यांत तीन शहाणपणें आहेत. शेतकऱ्याजवळ रोकड असते ती सुगीलाच, म्हणून वर्गणीहि सुगीला. वर्गणी धान्यांत, म्हणून बाईच्याहि हातून निघते. आणि सगळें गांव मिळून देतें, म्हणून एका घरावर आजाराचा डोंगर कोसळला तरी तें घर मोडत नाहीं. फुकट दिलेलें औषध माणसाला लाचार करतें. आपल्या ज्वारीचें औषध तो हक्कानें मागतो.

नदीच्या पलीकडेच आर्वी तालुक्यांत काकडदरा हें कोलाम वस्तीचें लहान गांव आहे. पानी फाउंडेशन ह्या संस्थेनें २०१६ सालीं पाण्याच्या कामाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या सालच्या तीन तालुक्यांत आपल्या जिल्ह्यांतील वरुड होता. २०१७ सालीं काकडदऱ्यानें त्या स्पर्धेंत पहिला नंबर मिळविला. तेथें संस्थेनें काय दिलें? शिक्षण, माप आणि हुरूप. कुदळ गांवाची, घाम गांवाचा, जमीन गांवाची. विहिरीला पाणी टिकलें तर रब्बीचें पीक येतें. रब्बी आली तर मजुराला घरापाशीं काम मिळतें. काम मिळालें तर बायकापोरें घेऊन परमुलखांत जाणें टळतें, आणि आमच्या शाळेंतलें हजेरीचें पुस्तक दिवाळीनंतरहि भरलेलें राहतें. मात्र हेंहि ध्यानांत ठेवा कीं मुरलेलें पाणी चारच जणांनीं बोअर मारून उपसलें, तर सगळ्यांच्या घामाचें उत्पन्न चौघांच्या घरीं जातें. म्हणून पाणी अडविण्याइतकाच पाणी वांटण्याचा नियम गांवानें करावा.

येथवर आम्हीं गुण सांगितले. आतां दोष सांगितले नाहींत तर हें भाषण म्हणजे वर्गणीची जाहिरात होईल.

पहिला दोष कागदी संस्थांचा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें देशांतील संस्थांची मोजणी केली, तेव्हां २००८ पर्यंत नोंदलेल्या संस्था ३१ लाखांहून अधिक निघाल्या. त्यांपैकीं सुमारें २२ लाखांच्या पत्त्यावर माणसें गेलीं, आणि प्रत्यक्ष सांपडल्या त्या ७ लाखांच्या आंतबाहेर. बाकीच्या कोठें गेल्या? कांहीं मेल्या, कांहीं स्थलांतर पावल्या, आणि कांहीं शिक्क्यापलीकडे कधीं जन्मल्याच नाहींत. तेव्हां नोंदणीचा क्रमांक दाखविला म्हणून संस्था जिवंत आहे असें मानूं नये.

दुसरा दोष घराण्याचा. ज्या संस्था मूठ मूठ धान्यावर उभ्या राहिल्या, त्यांच्यासारखेंच नांव घेऊन कांहीं ठिकाणीं बाप अध्यक्ष, मुलगा सचिव आणि सून खजिनदार अशी व्यवस्था होते. मग मास्तरची जागा भरावयाची वेळ आली कीं शिकलेल्या पोराच्या बापाला शेत विकावयास लावतात. ह्या व्यवहाराला देणगी म्हणतात. आम्ही त्याला सावकारी म्हणतों. सावकार निदान शेताच्या बदल्यांत कर्ज तरी देत असे. येथें शेतहि जातें आणि तें कोणाला गेलें ह्याची पावतीहि मिळत नाहीं. बहुजनसमाजाच्या मुलांसाठीं उघडलेलें दार बहुजनसमाजाच्याच शेतावर टोल बसवूं लागलें, तर तें दार उघडणाऱ्यांच्या नांवाला बट्टा लागतो.

तिसरा दोष सेवेच्या नांवाखालीं कमी मजुरीचा. ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें बिनपगारी सेवा करावी, ती त्याला शोभते. पण स्वयंपाकीण, झाडूवाला, रखवालदार, तासिकेवर शिकविणारा तरुण मास्तर, ह्यांना अर्ध्या पगारावर राबवून त्याला सेवाभाव म्हणणें ही फसवणूक आहे. १९३५ सालीं चरखा संघापुढें हाच प्रश्न आला होता. कातणाऱ्या बायांना मिळणारे पैसे फारच थोडे होते. खादी महाग झाली तरी चालेल, पण त्यांची मजुरी वाढली पाहिजे, असा आग्रह गांधींनीं धरला आणि संघानें मजुरी वाढविली. संस्थेची परीक्षा तिच्या फलकावरील बोधवाक्यानें करूं नये. तिच्या सगळ्यांत खालच्या माणसाच्या पगारानें करावी.

चौथा दोष फुकट वांटपाचा, आणि हा कारागिरांनीं नीट ऐकावा. शहरांतली एखादी मंडळी मोटार भरून सतरंज्या, कपडे, चपला, दप्तरें आणते आणि फोटो काढून वांटते. घेणाऱ्याला एक दिवसाचें सुख होतें. पण गांवच्या शिंप्याचें त्या हंगामाचें काम बुडालें, चांभाराचें बुडालें. त्याच पैशाचें कापड घेऊन येथल्याच शिंप्याकडून शिवून घेतलें असतें, तर मुलालाहि सदरा मिळाला असता आणि शिंप्यालाहि मजुरी. आम्ही शाळामास्तर आहों म्हणून गणवेशाचें उदाहरण सांगतों. ही सरकारी गोष्ट आहे, पण धडा सर्वांना लागू आहे. २०२४ सालीं राज्यानें शाळांसाठीं एकाच ठिकाणीं कापड खरेदी करून गणवेश पुरविण्याचें ठरविलें. गणवेश उशिरां आले, मापाचे आले नाहींत, अशा तक्रारी झाल्या. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खरेदी पुन्हां गांवोगांवच्या शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. माप घेणारा शिंपी आणि घालणारा मुलगा एकाच गांवांत असले कीं माप चुकत नाहीं.

पांचव्या गोष्टीला दोष म्हणण्यापेक्षां अडचण म्हणूं. २०१३ सालच्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्चण्याचें बंधन घातलें. पण कंपनीनें आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला अग्रक्रम द्यावा असेंहि त्यांत आहे. म्हणजे जेथें कारखाने तेथें हा पैसा; जेथें नुसती पऱ्हाटी आणि सोयाबीन तेथें तो आपल्या पायानें येत नाहीं. आपल्या कापसावर ज्यांनीं नफा मिळविला त्यांचा कारखाना दुसरीकडे असतो. म्हणून ह्या भागांतील संस्थांनीं तो पैसा मागून, चांगलें काम दाखवून, ओढून आणला पाहिजे. तें करणारी माणसें आपल्याच शिकलेल्या मुलांतून निघालीं पाहिजेत.

आतां करावयाचें काय? आम्ही पांच प्रश्न सांगतों. पावतीपुस्तक घेऊन कोणीहि दारीं आला, कीं त्याला गूळपाणी द्या, बसवा, आणि हे प्रश्न विचारा.

एक: संस्थेचा मागच्या सालचा तपासलेला जमाखर्च कोठें पाहावयास मिळेल? हिशेब तपासनीसाकडून तपासून घेणें संस्थेला कायद्यानेंच भाग आहे. तेव्हां ह्या प्रश्नानें चांगल्या संस्थेला राग येत नाहीं.

दोन: विश्वस्त मंडळांत एका घराचीं किती माणसें आहेत?

तीन: खर्चापैकीं किती रुपये ह्या तालुक्यांत खर्च होतात? धान्य, भाजी, फर्निचर, कपडा, बांधकाम हें कोणाकडून घेतां?

चार: सगळ्यांत कमी पगाराच्या नोकराला काय देतां, आणि वेळेवर देतां का?

पांच: उद्यां तुमची मदत थांबली, तर आमच्या हातांत काय शिल्लक राहील? विहीर, विद्या, हुन्नर, निधि, कीं नुसता फोटो?

जी संस्था ह्या पांचांतून उतरेल तिला हात आंखडता घेऊं नका. पैसा नसेल तर ज्वारी द्या, ज्वारी नसेल तर एक दिवसाचें श्रमदान द्या. जी उतरणार नाहीं तिला देव, जात, पुढारी ह्यांच्या भिडेखातर छदामहि देऊं नका.

आणि जेथें आपला हक्क आहे तेथें भीक मागूं नका. महाराष्ट्रांतील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठीं १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठीं १० टक्के खाटा सवलतीच्या दरानें राखून ठेवाव्या लागतात. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००६ सालीं तशी योजना घालून दिली आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर घेऊन जावें, आणि हें रुग्णालय धर्मादाय आहे का असें दारांतच विचारावें. हा एक प्रश्न ठाऊक नसल्यामुळें किती घरांनीं शेतें गहाण टाकलीं असतील!

भगिनींनीं बचत गट चालविले आहेत, त्यांना शेवटीं दोन शब्द. १९९२ सालीं नाबार्डनें ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि त्यांतून देशभर लाखों गट झाले. तुमचा गट हीसुद्धां एक संस्थाच आहे, आणि तिचा हिशेब तर तुम्ही दर बैठकीला सगळ्यांसमोर मोठ्यानें वाचतां. जें दहा बायांना जमतें तें मोठमोठ्या विश्वस्तांना कां जमूं नये? आमची सूचना अशी कीं ह्या तालुक्यांतील प्रत्येक शाळेनें, देवस्थानानें, मंडळानें वर्षांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं, आपला जमाखर्च लोकांपुढें उभें राहून वाचावा. आम्ही ज्या शाळेंत शिकवितों तेथें पालकांपुढें असा हिशेब वाचण्यास आम्ही स्वतः उभे राहूं. आंकडे वाचावयाला मदत लागली, तर कोणत्याहि गांवचा मास्तर नाहीं म्हणणार नाहीं; आणि म्हणालाच, तर तो हिशेबाचा शिक्षक कसला?

मंडळी, पुढच्या बाजाराच्या दिवसापासून सुरुवात करूं. पावतीपुस्तक कोणाचेंहि असो, पहिला प्रश्न जमाखर्चाचा.